पुष्ट काळातील दूध आणि कृश काळातील गरज

सूत किंवा लोखंड कारखान्याच्या कोठारात महिनाभर पडून राहिले तरी बिघडत नाही. दूध मात्र उन्हाळ्यात काही तासांतच नासते. शिवाय शहराची मागणी बारमाही, तर म्हशीचे दूध हंगामी. बहुतेक म्हशी पावसाळ्यात व हिवाळ्याच्या आरंभी वितात. म्हणून हिवाळ्यात दुधाचा पुष्ट काळ असतो आणि उन्हाळ्यात कृश काळ. कच्चा माल किती येणार, त्याचे काय करावयाचे व साठा किती ठेवावयाचा, याचा हिशेब दुग्धव्यवसायात हंगामापूर्वीच करावा लागतो. मुंबईच्या दूध योजनेचा इतिहास हा त्याचा बोधप्रद दाखला होय.

शहरातील दाट वस्तीतले गोठे बाहेर हलविण्यासाठी गोरेगाव येथे १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभारण्यात आली. १९५१ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. परंतु वसाहतीचे दूध एवढ्या मोठ्या शहरास पुरेसे नव्हते. गुजरातेतील खेडा जिल्ह्याचे दूधही आगगाडीने मुंबईस येत असे.

असलेले दूध अधिक लोकांना पुरावे, यासाठी योजनेचे प्रमुख दारा खुरोडी यांनी टोण्ड दुधाची पद्धत रूढ केली. तिचे गणित सोपे आहे. शेकडा ६ स्निग्धांशाच्या १०० किलो म्हशीच्या दुधात ९ किलो मलईरहित दूधभुकटी व ९१ किलो शुद्ध पाणी मिसळल्यास शेकडा ३ स्निग्धांशाचे २०० किलो दूध तयार होते. म्हणजेच भुकटीचा साठा हाताशी असेल, तर कृश काळातही पुरवठा सांभाळता येतो.

याची दुसरी बाजू उत्पादकाची होती. हिवाळ्यात खेड्यातील दूध इतके वाढे की, मुंबईची योजना ते सर्व घेऊ शकत नसे. उरलेल्या दुधास गिऱ्हाईक नसेल, तर म्हैस पाळणाऱ्याचे श्रम वाया जात. यावर उपाय म्हणून खेडा जिल्हा सहकारी संघाने आणंद येथे भुकटी व लोणी तयार करण्याचा कारखाना उभारला. युनिसेफने त्यासाठी यंत्रसामग्री दिली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. म्हशीच्या दुधाची भुकटी होणे अशक्य, असे अनेक जाणकार तोपर्यंत मानीत असत. तो समज तेथे खोटा ठरला. जादा दूध टिकाऊ झाले आणि संघास सभासदांचे दूध हिवाळ्यातही घेता येऊ लागले.

हाच न्याय गोठ्यालाही लागू आहे. पावसाळ्यात हिरवा चारा मुबलक असतो, तर उन्हाळ्यात जनावर वाळल्या कडब्यावर राहते व दूध आटते. कारखान्यास जशी भुकटी, तसा गोठ्यास मुरघास. एका म्हशीस रोज १५ किलो मुरघास धरल्यास दोन म्हशींना फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत ३,६०० किलो लागेल. नासधूस धरून ४ टनांची तयारी ठेवावी. एक घनमीटर जागेत सुमारे ५०० किलो मुरघास मावतो. म्हणून ४ मीटर लांब, २ मीटर रुंद व १ मीटर खोल खड्डा पुरेसा होतो. मका चिकात असताना कापून त्याची बारीक कुट्टी करावी, ती थराथराने घट्ट दाबावी व खड्डा हवाबंद करावा. खड्डा उंचवट्यावर असावा. पावसाचे पाणी आत शिरता कामा नये. दीड ते दोन महिन्यांत मुरघास तयार होतो.

दुसरे नियोजन वेताचे. म्हशीचा गाभण काळ सुमारे ३१० दिवसांचा असतो. मे अखेरीस वेत हवे असल्यास ती जुलैच्या मध्यास फळली पाहिजे. उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या आरंभी म्हशी माज स्पष्ट दाखवीत नाहीत. त्यासाठी सावली, भरपूर पाणी व सकाळ-संध्याकाळ बारकाईने निरीक्षण आवश्यक आहे.

ग्रामसेवकांनी प्रत्येक दूध उत्पादकास एक साधी वही ठेवावयास लावावी. तीत फळल्याची तारीख, रोजचे दूध आणि शिल्लक चारा या तीनच नोंदी असाव्यात. टंचाई उन्हाळ्यात जाणवते. तिचा उपाय मात्र पावसाळ्यातच करावा लागतो.