चिलापी आणि आमचा काठ

विसापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला तुरुंग आठवतो. श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या पिढीच्या पोरांना आठवायचा तो तलाव, आणि तलाव म्हणजे चिलापी. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या भागात ज्यानं हौसेनं गळ हातात धरला, त्याचा पहिला मासा बहुतेक चिलापीच असणार. हा मासा मूळचा इथला नाही. तरी शेतकऱ्याच्या पोरांना काठावर बसून पाणी वाचायला त्यानंच शिकवलं, असं माझं मत आहे. देशी माशांचा अभिमान असलेली मंडळी यावर चिडतात. चिडू देत.

आधी मासेमारी म्हणजे भोयांचं काम, आणि तेही जाळ्याचं. पेडगावच्या किल्ल्याखाली भीमेत, घोड नदीच्या डोहांत मरळ, वाम, शिंगाडा मिळायचे. कुठला डोह कधी लागतो, कुठल्या कपारीत वाम बसते, हे बापाकडून लेकाकडे जायचं. बाहेरच्याला ते कोण सांगणार? मरळीसाठी गळ टाकणारे होते, पण एखाददुसरा मासा आणि दिवसभराचं बसणं, हे शेतीवाल्याला परवडणारं नव्हतं.

पाणी अडलं तसं हे बदललं. हंगा नदीवरचा विसापूरचा तलाव इंग्रजी अमलातला, १९२७ चा. चिंचणीला घोड धरण १९६५ मध्ये झालं, खाली भीमेवर उजनी १९८० मध्ये. कुकडीचा कालवा आला आणि त्याचं पाणी विसापुरातही पडू लागलं. वाहत्या पाण्याचा मुलूख बघता बघता साठलेल्या पाण्याचा झाला. तलावांत कटला, रोहू, मृगळ आणि सिप्रिनस यांचं बीज सोडलं जाऊ लागलं. चिलापीचं बीज सोडायची गरजच पडत नाही. आफ्रिकेतला हा मासा भारतात पहिल्यांदा १९५२ साली, तमिळनाडूतल्या मंडपमला आणला गेला. तिथून तो देशभर पसरला, आणि एकदा पाण्यात शिरला की त्याला बाहेर काढणं कुणाच्या हातात राहिलं नाही. उजनीच्या काठी भिगवणच्या बाजारात आज चिलापीचे ढीग लागतात.

आम्ही शिकलो ते बांबूच्या काठीवर. काष्टीच्या शनिवारच्या बाजारातून आणलेला तंगूस, बारीक गळ, वर तरंगायला मोरपिसाचा देठ आणि शिशाचा एक तुकडा. चारा म्हणजे उसाच्या पाटातलं गांडूळ, नाहीतर घट्ट मळलेली कणीक. मोठा गळ लावणारा घरी रिकामा जायचा, कारण चिलापीचं तोंड लहान. ती कणीक नुसती चोखून बघते. देठ बुडायची वाट बघत बसलात तर संपलं. तो आडवा पडतो, कधी चार बोटं सरकतो, कधी जरा वर उचलला जातो, तेवढ्यात मनगट हलायला हवं. काठावर जाळं विणत बसणारे एक म्हातारे भोईमामा होते. ते आमच्याकडे न बघताच म्हणायचे, “आरं, पिसाकडं काय बघतूस? पिसाखालच्या तंगसाकडं बघ.” त्याचा अर्थ कळायला एक हंगाम गेला. देठ हलायच्या आधी तंगसाचा पाण्यातला बाक बदलतो.

खरं शिक्षण मात्र पाणी आटलं तेव्हा झालं. २०१३ च्या आणि २०१६ च्या उन्हाळ्यात तालुक्यातले तलाव तळाला गेले. उघड्या पडलेल्या गाळात जागोजाग गोल खड्डे दिसत होते, एकाला एक लागून, कुणी पराती मांडून ठेवल्यासारखे. ती चिलापीच्या नराची घरं. विणीच्या दिवसांत नर काळाकुट्ट होतो, गळ्याखाली पांढरा, पर आणि शेपटीच्या कडेला लाल. शेपटीनं आणि तोंडानं गाळ उकरून तो खड्डा करतो, आणि दुसरा नर जवळ आला की अंगावर जातो. मादी तिथं अंडी घालते, पण ती तिथं ठेवत नाही. तोंडात धरते, पिल्लं पोहायला लागली तरी धोका दिसताच पुन्हा तोंडात घेते. म्हणून तर हिचा वंश बुडत नाही. त्या उन्हाळ्यांत ज्यांनी खड्डे कुठल्या बाजूला आहेत ते बघून ठेवलं, त्यांना तलाव भरल्यावर कुठं बसायचं हे विचारावं लागलं नाही. उतरता काठ, कमरेइतकं पाणी, खाली मऊ गाळ. बांधाच्या दगडांशी दिवस घालवणाऱ्यांना ते शेवटपर्यंत उमगलं नाही.

अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या तळ्यांत रेडइअर सनफिश नावाचा मासा आहे. गोगलगायी आणि शिंपले घशातल्या दातांनी फोडून खातो. आपल्याकडे तो नाही आणि नसलेलाच बरा. पण तोही काठाजवळ एकमेकांना लागून असेच खड्डे करतो, आणि तिथले गळवालेही वसंतात आधी ते खड्डेच शोधतात. पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, तिथं गळाचा खेळ रीतसर चालतो. आमच्याकडे शिकवायचं काम गाळानं केलं.

चिलापीनं देशी मासे संपवले, ही तक्रार निम्मी खरी आहे. दाटी करणं, दुसऱ्याचं खाणं ओढणं, हे ती करते. पण नदीचे डोह धरणाखाली गेले, वाळू उपसली गेली, मच्छरदाणीइतक्या बारीक जाळ्यांनी बोटभर पिल्लंही ओढली, शहरांची घाण भीमेतून खाली आली. हे सगळं एका माशाच्या नावावर टाकणं सोयीचं आहे, म्हणून लोक टाकतात.

२०१६ नंतर ‘मागेल त्याला शेततळे’ आलं आणि बांधाबांधाला पाणी दिसू लागलं. कुणीतरी बादलीतून चार चिलापी नेऊन सोडायचं, दोन वर्षांत तळं भरून जायचं, पण मासे बोटभरच राहायचे. दाटी झाली की ही वाढायची थांबते आणि विणायची मात्र थांबत नाही. त्या तळ्यांत गळ टाकण्यात मजा नाही, पोरं तरीही टाकतात.

आता फिरकीचे गळ आले, मोबाइलवर बघून पोरं कणकेत सुगंध घालतात. तरी थंडीत सकाळी सहाला येऊन कुडकुडणाऱ्यांची कीव येते. पाणी गार असलं की चिलापी तोंड उघडत नाही. ऊन चढल्यावर, अकराच्या पुढं, उथळ बाजूला या. मासेमारीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे असेल तिच्या माणसाला आधी विचारा, हल्ली त्यावरून भांडणं होतात. मासा गळावरून काढताना तळहात डोक्याकडून शेपटीकडे फिरवत पाठीवरचे काटे दाबून टाका, नाहीतर हात फुटतो. आणि घरी नेल्यावर पोटाच्या आतला काळा पापुद्रा बोटानं खरवडून काढा. तो राहिला की कालवणाला गाळाचा वास येतो आणि दोष विसापूरच्या पाण्याला जातो.