मानेची सोनोग्राफी : नॉर्मल म्हणजे काय?

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या आपल्या घरांत कोणाच्या मानेला गाठ लागली की सोनोग्राफीचा रिपोर्ट अलिबागहून किंवा मुंबईहून येतो आणि लगेच त्याचा फोटो कुवेत-दुबईला जातो. तिकडे मुलगा इंग्रजी शब्द वाचून घाबरतो, इकडे अम्मीला जेवण जात नाही. काही घरांत उलटे होते. लग्नाच्या मुलीची गाठ ओढणीखाली झाकून वर्ष काढले जाते. दोन्ही ठिकाणी अडचण एकच: निरोगी मानेत काय काय असते, हे आपल्याला ठाऊक नसते.

या तपासणीत क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. त्यामुळे गरोदर स्त्रीलाही ती चालते. उपाशी राहावे लागत नाही. फक्त गळा मोकळा करावा लागतो. सोबत घरची बाई हवी असेल तर तसे आधी सांगावे.

पडद्यावर मधोमध श्वासनलिका दिसते. तिच्या दोन्ही बाजूंना फुलपाखराच्या पंखांसारखी थायरॉईड ग्रंथी असते, एकसारख्या करड्या रंगाची. मोठ्या माणसात तिचा एकेक पंख साधारण 4 ते 6 सें.मी. लांब असतो. पंखांच्या बाहेरच्या बाजूला दोन काळ्या नळ्या दिसतात. दाबली तरी गोल राहून धडधडते ती करोटिड धमनी. हलक्या दाबाने चपटी होते ती ज्युग्युलर शीर. डाव्या पंखामागे कधी गाठीसारखी दिसते ती अन्ननलिका. म्हणूनच डॉक्टर ‘आवंढा गिळा’ म्हणतात. गिळताना ती हलते आणि ओळखू येते.

राहिल्या लसिका ग्रंथी, म्हणजेच लिम्फ नोड. त्या प्रत्येकाच्या मानेत असतात. घेवड्याच्या दाण्यासारखा लांबट आकार, मध्ये पांढरी रेघ आणि सहसा 1 सें.मी.पेक्षा कमी जाडी, ही निरोगी ग्रंथीची खूण. त्या पांढऱ्या रेघेला रिपोर्टात ‘फॅटी हायलम’ म्हणतात. हा शब्द दिसला तर घाबरू नये, तो चांगलाच आहे. दात किडला, घसा सुजला तरी या ग्रंथी काही दिवस फुगतात.

मात्र ग्रंथी गोल झाली, पांढरी रेघ नाहीशी झाली, ग्रंथी एकमेकींना चिकटल्या किंवा गाठ दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, तर थांबू नये. आवाज बसणे, गिळताना अडणे, वजन घटणे, रोज संध्याकाळी ताप येणे यांकडेही दुर्लक्ष नको. डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली तर ‘सुईने गाठ पसरते’ या भीतीने ती टाळू नये. फक्त मानेच्या गाठीचा टीबी असेल तर तो सहसा दुसऱ्याला लागत नाही, औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि पूर्ण घेतली तर तो बहुधा बरा होतो. मुलीचे लग्न त्यासाठी अडायचे कारण नाही.

थायरॉईडमधल्या बहुतेक गाठीही कर्करोगाच्या नसतात. पण सोनोग्राफी ग्रंथीचा आकार दाखवते, तिचे काम नाही. त्यासाठी टीएसएचची रक्ततपासणी लागते. म्हणून रिपोर्ट परदेशी धाडण्याआधी तो आपल्या डॉक्टरांपुढे ठेवावा आणि एवढेच विचारावे: यात नॉर्मल काय आहे, आणि काय नाही?