‘आऊटस्टँडिंग डिमांड’ म्हणजे काय रे भाऊ?

मे २०२४ मध्ये नांदेडात इन्कम टॅक्सची धाड पडली होती, आठवतंय? एका फायनान्स व्यवसायाशी संबंधित ठिकाणांवर अधिकारी आले, सुमारे १४ कोटींची रोकड सापडल्याच्या बातम्या आल्या आणि नोटांच्या ढिगाचे फोटो ग्रुपवर फिरले. तेव्हापासून इन्कम टॅक्स म्हटलं की डोळ्यांसमोर तेच येतं. गाड्या, बंद शटर, नोटा मोजायचं मशीन. आपला काय संबंध? आपल्याकडं तर मेसचे पैसे द्यायचे वांधे!

संबंध आहे. फक्त तुमच्या दारात गाड्या येणार नाहीत, एक ईमेल येईल. आणि तोही तुमच्याच इनबॉक्समध्ये येईल याची खात्री नाही.

तुमचं पॅन कार्ड कुठं काढलंत, आठवा. बारावीनंतर, लातुरात क्लासच्या गल्लीतल्या नेट कॅफेवर, नाहीतर तालुक्याच्या ऑनलाइन सेंटरवर. फॉर्म भरणाऱ्या दादानं विचारलं, ‘ईमेल आहे का?’ तुम्ही मान हलवलीत, त्यानं स्वतःचा टाकून दिला. पुढं सेकंड इयरला तुम्ही एखाद्या क्लासमध्ये डाऊट सोडवायला, पेपर तपासायला लागलात. वर्षाचं मानधन ५० हजारांच्या वर गेलं म्हणून क्लासवाल्यांनी १० टक्के टीडीएस कापला. तुमचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून हे पैसे परत मिळतात. हक्काचे आहेत, मागायलाच हवेत.

गडबड होते ती ‘रिफंड काढून देतो, माझे एवढे टक्के’ म्हणणारा भेटला की. हा भाऊ न कापलेला टीडीएस दाखवतो. घरात कुणी शिक्षक किंवा पोलीस असेल तर त्यांच्या रिटर्नमध्ये न भरलेलं घरभाडं आणि न दिलेली देणगीही घालतो. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागानं अशाच खोट्या वजावटींच्या तपासात देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली. महाराष्ट्राचं नावही त्या यादीत होतं. त्या वेळच्या सरकारी निवेदनातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे एजंट ढिगानं रिटर्न भरायला तात्पुरते ईमेल आयडी काढत आणि नंतर सोडून देत. त्यामुळं विभागाच्या नोटिसा कुणी उघडतच नव्हतं. टक्केवारी घेऊन एजंट मोकळा, डिमांड मात्र तुमच्या पॅनवर.

न वाचलेल्या नोटिशीचं पुढं काय होतं? भरायला साधारण ३० दिवस असतात. ते गेले की महिन्याला १ टक्का व्याज. ८ हजारांची डिमांड असेल तर महिन्याला ८० रुपये, दोन वर्षांत १,९२० रुपये. वर दंडही लागू शकतो. पुढच्या वर्षीचा रिफंड त्यात वळता होतो. वळता करण्याआधी उत्तराला २१ दिवस देतात, पण उत्तर आलं नाही तर तुमची हरकत नाही असं धरून चालतात. त्यानंतरही थकबाकी राहिली तर विभाग थेट बँकेला पत्र देऊन खात्यातून वसुली करू शकतो. (१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, कलमांचे नंबर बदललेत. म्हणून इथं कलमं दिली नाहीत. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओतली कलमं पाठ करू नका.)

आपल्या घरांत याचा अनुभव नसतो, हीसुद्धा अडचण आहे. सातबारा, फेरफार, पीककर्जाची नोटीस यातलं आपल्या वडिलांना सगळं कळतं. पण शेतीचं उत्पन्न केंद्राच्या आयकरात येत नाही, त्यामुळं सोयाबीन विकून आलेल्या पैशावर रिटर्न भरायची वेळच आलेली नसते. मग असला कागद आला की घरी दोनच सल्ले मिळतात. ‘फाडून टाक’, नाहीतर ‘भरून मोकळा हो’. दोन्ही चूक.

आधी पोर्टलवर स्वतः लॉगिन करा. ‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये ‘रिस्पॉन्स टू आऊटस्टँडिंग डिमांड’ दिसेल. तिथं डिमांड मान्य करता येते किंवा कारण देऊन नाकारता येते. क्लासवाल्यांनी टीडीएस कापला पण सरकारकडं भरलाच नाही, असं झालं असेल तर कापलेला टॅक्स तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. फक्त पेमेंटची स्लिप आणि बँक स्टेटमेंट जपून ठेवा. चूक रिटर्नमध्ये असेल तर दुरुस्तीचा अर्ज असतो. डिमांड खरी आहे पण पैसे नाहीत? हप्ते मागता येतात. लाजायचं काय त्यात?

‘१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही’ हे क्रिप्टोला लावू नका. तिथल्या नफ्यावर सरळ ३० टक्के, उत्पन्न कितीही कमी असो. एक्स्चेंजवरचा व्यवहार पॅनवर नोंदला जातो आणि एआयएस नावाच्या वार्षिक पत्रकात दिसतो.

एआयएस बघायचं आणखी एक कारण. मार्च २०२४ मध्ये ग्वाल्हेरच्या एका कॉलेज विद्यार्थ्याला ४६ कोटींच्या व्यवहारांबद्दल नोटीस आली. त्याच्या पॅनवर परस्पर कंपनी काढली होती, असं त्याचं म्हणणं. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये कल्याणजवळच्या आंबिवलीतल्या एका मजुराला १ कोटी ५ लाखांची डिमांड आली. त्याच्या पॅनवर भलत्यानंच खातं उघडून नोटाबंदीत पैसे भरले होते, अशी त्याची तक्रार होती. दोघंही पोलिसांकडं गेले. तुमच्या पत्रकात अनोळखी खातं दिसलं तर तिथंच हरकत नोंदवा, पोलिसात तक्रार द्या. आणि ‘फक्त तुझं खातं वापरू दे, महिन्याला पाच हजार देतो’ म्हणणाऱ्या दोस्ताला झेरॉक्ससुद्धा देऊ नका.

आता उलटी बाजू. व्हॉट्सॲपवर ‘इन्कम टॅक्स ऑफिसर बोलतोय, आत्ता भरा’ म्हणणारा भामटा असतो. ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो. पोर्टलवर लॉगिन न करताही तो खरा की खोटा ते तपासता येतं. लिंकवर बोट ठेवण्याआधी ते करा.

जुन्या किरकोळ थकबाकीचं काय? फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम बजेटमध्ये २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १० हजारांपर्यंतच्या डिमांड मागं घेतल्या गेल्या. काही तर १९६२ पासूनच्या होत्या! वडिलांच्या किंवा काकांच्या नावावर असलं काही पडून असेल तर तेही बघून घ्या. पण तुमच्या आजच्या डिमांडला ही माफी नाही.

तर आज रात्री रूमवर गेलात की पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये ईमेल आणि मोबाइल कुणाचा आहे ते बघा, दुसऱ्याचा असेल तर बदला. पासवर्ड माहीत नसेल तर आधारच्या ओटीपीवर नवा करता येतो. त्याआधी आधारला कुठला नंबर जोडलाय ते आठवा. बाबांचा असेल तर ओटीपी गावाकडं शेतात वाजेल.