ल्यूपस आणि पोटांतील कळ

घरांत कोणाचें पोट दुखूं लागलें कीं ओवा, हिंग, फार तर एरंडेल, हा आपला ठरलेला क्रम. आणि तो बहुधा चालतोही. परंतु ज्या घरीं ल्यूपसचा रोगी आहे तेथें तो घातक ठरूं शकतो. दहांपैकीं सुमारें नऊ रोगी स्त्रियाच, त्याही बहुतेक तरुण.

या रोगांत शरीराची प्रतिकारशक्ति स्वतःच्याच अवयवांवर उलटते. त्वचेवरील चट्ट्यांमागें पोटांतील विकार दडलेले असूं शकतात, हें विल्यम ऑस्लर यांनीं १८९५ सालींच लिहून ठेविलें आहे. आंतड्यास रक्त पोंचविणाऱ्या बारीक वाहिन्या सुजतात, रक्त अडतें, आणि अखेर आंतडें सडतें वा त्यास छिद्र पडतें.

खरी मेख पुढेंच आहे. स्टेरॉइड घेणाऱ्या रोग्याचें पोट आंतडें फुटल्यावरही कित्येकदां मऊच लागतें, तापही बेताचा. त्यांतून घरची सून आपलें दुखणें सांगेल तेव्हां ना!

म्हणून तीव्र कळा, उलट्या, पोटफुगी वा शौचांतून रक्त दिसतांच रुग्णालय गांठावें. रेचक देऊं नये. चालू स्टेरॉइडही आपल्या मनानें बंद करूं नये. वेळीं निदान झाल्यास शिरेंतून दिलेल्या स्टेरॉइडानें पुष्कळांचें आंतडें वांचतें. छिद्र पडल्यावर मात्र शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नाहीं.