दीडशे किलोंच्या हद्दीत

माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीवर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार येईल, असं धरून इमारतीचा आराखडा होतो. त्याच गच्चीवर एक फूट उंचीचा मातीचा वाफा करा आणि त्यात जुलैचा पाऊस मुरू द्या. तो चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या घरात जातो. मुंबईत गेल्या तीसेक वर्षांत गच्चीवर भाज्या नि फळं पिकवण्याची जी खटपट झाली, ती या दोन आकड्यांमधल्या तफावतीशी झगडत झाली. बाग वर न्यायची, पण माती खालीच ठेवायची, असा तो पेच होता.

मातीसकट बाग छतावर तोलून धरण्याचं काम या शहराने फार पूर्वी एकदा केलं आहे. मलबार हिलचं हँगिंग गार्डन, कागदोपत्री फिरोजशाह मेहता उद्यान, 1881 पासून पाण्याच्या अवाढव्य टाकीच्या छतावर आहे. समोरच्या कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट पाहून इकडे येणाऱ्या शाळांच्या सहलींना आपल्या पायाखाली दक्षिण मुंबईचं पिण्याचं पाणी आहे हे सहसा माहीत नसतं. मोठ्यांनाही नसतं, 2023 मध्ये टाकीच्या पुनर्बांधणीत शेकडो झाडांवर गदा येणार म्हणून रहिवासी विरोधात उभे राहिले, तेव्हा बऱ्याच जणांना ते कळलं. पण जलाशयाच्या छताची गोष्ट वेगळी. चार मजली सोसायटीच्या गच्चीला असली चैन परवडत नाही.

पेच सुटला तो उसाच्या चिपाडांनी. वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशींनी आपल्या गच्चीवर ड्रम आणि प्लास्टिकच्या पिशव्या मांडल्या, त्यांत रसवंतीवाल्यांनी टाकून दिलेली चिपाडं भरली, वरून थोडं कंपोस्ट घातलं आणि त्यात भाज्याच काय, फळझाडंही वाढवली. चिपाडं हलकी, पाणी धरून ठेवणारी, शिवाय फुकट. ‘सिटी फार्मिंग’ हा शब्द मुंबईतल्या हौशी लोकांच्या तोंडी बसला तो मुख्यतः त्यांच्यामुळे.

या सगळ्याच्या मागे आणखी एक माणूस आहे, आणि तो मुंबईचा नव्हे. कोल्हापूरकडचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. ‘प्रयोग परिवार’ नावाने त्यांनी शेतकऱ्यांना एकमेकांचे शिक्षक बनवलं. सांगली भागातल्या द्राक्षबागायतदारांवरचा त्यांचा प्रभाव सर्वश्रुत आहे. पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशोब मांडा, थोड्या जागेतही पुष्कळ पिकतं, हे त्यांचं सांगणं. शेतीच्या पुस्तकांत एकराचा हिशोब असतो. दाभोळकर चौरस फुटात बोलत, म्हणून ते गच्चीवाल्यांना इतके जवळचे वाटले असावेत. दीपक सचदे यांनी तो विचार पुढे नेला आणि त्यातून ‘अमृत मिट्टी’ शहरात आली.

तिची कृती सोपी आहे, सोशिकपणा मात्र लागतो. शेण, गोमूत्र, गूळ आणि पाणी तीन दिवस मुरवून अमृतजल करायचं, पाण्यात पातळ करून त्यात सुकी पानं दिवसभर भिजवायची, मग पानांचे आणि थोड्या मातीचे थर देत फूटभर ढीग रचायचा. महिनाभर तो वर-खाली करत ओला ठेवायचा. त्यावर गोड, कडू, तिखट, तुरट अशा निरनिराळ्या चवींच्या रोपांचं बी पेरायचं आणि 21, 42, 63 दिवसांनी रोपं छाटून त्याच ढिगावर अंथरायची. चार-पाच महिन्यांनी हाती येतं ते काळंभोर, भुसभुशीत, हाताला हलकं लागणारं. गुळाचं सोडा, पण मुंबईत देशी गाईचं ताजं गोमूत्र मिळवणं हेच निम्मं काम. बाटली घेऊन लोकलमध्ये शिरणाऱ्याकडे डब्यातले लोक कसे बघत असतील याची कल्पना केलेली बरी.

हे सगळं एका ठिकाणी मोठ्या प्रमाणावर जमलं ते मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात. हजारो कामगारांचं जेवण तिथे शिजायचं, म्हणजे भाज्यांची देठं-सालं रोजचीच. तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी 2002 मध्ये दोशींच्या पद्धतीने तो कचरा गच्चीवरच जिरवायला सुरुवात केली. सुमारे 3000 चौरस फुटांच्या त्या गच्चीवर पुढे पेरू, चिकू, आंबा, नारळ, पालेभाज्या असं रान उभं राहिलं. 2009 मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘अर्बन लीव्ह्ज’ सुरू झालं आणि प्रयोग शाळांच्या, सोसायट्यांच्या गच्च्यांवर गेला.

माझ्या मते पोर्ट ट्रस्टची बाग उभी राहिली यात हिरवळीच्या प्रेमाचा वाटा दुय्यम आहे. तिथे रोज ठरल्या वेळी कचरा निर्माण होत होता आणि तो उचलणं हे कुणाचं तरी रोजचं काम होतं. सोसायट्यांत याच्या उलट घडतं. एखाद्या निवृत्त काकांचा उत्साह असतो, दोन वर्षं वांगी-टोमॅटोचं वाटप होतं, मग काका मुलाकडे अमेरिकेला जातात. त्यातच वरच्या मजल्यावर ओल दिसते. ती बहुतेकदा जुन्या ब्रिकबॅट कोब्यातून, म्हणजे गच्चीवरच्या पाणी अडवणाऱ्या विटांच्या थरातून, आलेली असते, पण दोष कुंड्यांवर येतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव होतो, गच्चीवर पत्र्याची शेड येते आणि विषय संपतो.

2017 मध्ये महापालिकेने 20000 चौरस मीटरहून मोठ्या किंवा रोज 100 किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. नियम योग्य होता. पण बऱ्याच ठिकाणी खाली कंपोस्टचं यंत्र आलं आणि खत घ्यायला कुणी नाही म्हणून गोण्या पडून राहिल्या. वर गच्ची रिकामीच. 2020 च्या टाळेबंदीत मेथी-पुदिन्याची लाट आली, तीही कार्यालयं उघडताच बरीचशी ओसरली.

आता गच्चीवर नवा हक्कदार आला आहे, तो म्हणजे सौर पॅनेल. वीजबिलातली बचत दाखवली की सभेत कुणी वाद घालत नाही, आणि पालकाच्या जुडीला तसा आकडा दाखवता येत नाही. पॅनेल पुरेसे उंच बसवले तर खाली अळू, आलं, हळद, पुदिना येऊ शकतात. यांना कडक ऊन तसंही सोसत नाही. फक्त पॅनेलचा सांगाडा ठरवतानाच उंचीचं बोलावं लागेल, नंतर तो उचलून द्यायला कुणी येत नाही.