श्वासमार्गातील स्टेंट : उपयोग, प्रकार आणि मर्यादा

प्रस्तावना

‘स्टेंट’ हा शब्द सर्वसामान्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या संदर्भात परिचित आहे. अरुंद झालेला श्वासमार्ग उघडा ठेवण्यासाठीही स्टेंट वापरला जातो, ही बाब मात्र तुलनेने कमी ज्ञात आहे. श्वासनलिका आणि तिच्यापासून दोन्ही फुप्फुसांकडे जाणाऱ्या मुख्य श्वसनी यांना मध्यवर्ती श्वासमार्ग म्हणतात. हा मार्ग अवरुद्ध झाल्यास फुप्फुसे निरोगी असूनही रुग्ण गुदमरू शकतो. हृदयातील स्टेंट सामान्यतः कायमचा बसविला जातो. श्वासमार्गातील स्टेंटबाबत मात्र ‘तो पुढे काढता येईल काय?’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो. या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात विषयाची मांडणी केली आहे.

अडथळ्याची कारणे व स्वरूप

फुप्फुस, अन्ननलिका वा थायरॉईड ग्रंथीचा कर्करोग हे अडथळ्याचे एक प्रमुख कारण होय. कर्करोगाव्यतिरिक्त, दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर राहिल्यानंतर नळीच्या दाबामुळे श्वासनलिकेत व्रण तयार होऊन ती आकसते. श्वसनीचा क्षयरोग बरा होतानाही असाच आकुंचित व्रण मागे राहू शकतो. जगात क्षयाचे सर्वाधिक रुग्ण भारतात असल्याने हे कारण आपल्याकडे विशेष लक्षात घ्यावे लागते.

नळीतून संथपणे वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताशी व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजेच त्रिज्या निम्मी झाल्यास विरोध सोळापट होतो. श्वासमार्गातील हवेचा प्रवाह नेहमीच संथ नसला तरी या नियमावरून संकटाची तीव्रता ध्यानात येते. प्रौढ व्यक्तीच्या श्वासनलिकेचा व्यास सुमारे ८ मि.मी.पर्यंत घटेपर्यंत त्रास फारसा जाणवत नाही. तो ५ मि.मी.पर्यंत आल्यावर बसल्या जागीही धाप लागते. श्वास घेताना येणाऱ्या घरघरीमुळे असा रुग्ण कधीकधी दम्याचा समजला जातो आणि मोलाचा वेळ वाया जातो.

उपचारपद्धतीचा विकास

इ.स. १८९७ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्ताव्ह किलियान यांनी सरळ नळीच्या साहाय्याने श्वसनीत अडकलेला हाडाचा तुकडा काढला. ब्राँकोस्कोपीचा प्रारंभ येथून मानला जातो. विल्यम माँटगोमेरी यांनी १९६५ मध्ये श्वासनलिकेसाठी इंग्रजी ‘टी’ आकाराची नळी वर्णिली. पुढे फ्रान्समधील मार्सेचे झाँ-फ्रान्स्वा द्यूमों यांनी १९९० मध्ये श्वासमार्गासाठी खास घडविलेला सिलिकॉनचा स्टेंट सादर केला. तो जागचा हलू नये म्हणून त्याच्या बाह्य पृष्ठभागावर लहान उंचवटे ठेवलेले असतात.

प्रकार व निवड

सिलिकॉनचा स्टेंट बसविण्यासाठी संपूर्ण भूल देऊन ताठ नळीची ब्राँकोस्कोपी करावी लागते. परंतु तो बदलता वा काढता येतो. निकेल व टायटॅनियम यांच्या ‘निटिनॉल’ या मिश्रधातूचा जाळीदार स्टेंट आपोआप फुलतो आणि लवचीक ब्राँकोस्कोपच्या साहाय्यानेही बसविता येतो. तथापि आवरण नसलेल्या जाळीतून ऊती वाढतात, स्टेंट भिंतीत रुततो आणि तो काढणे जोखमीचे ठरते. आवरणयुक्त स्टेंटमुळे ही अडचण काही अंशी कमी होते.

अडथळा नळीच्या आत वाढलेल्या गाठीमुळे असल्यास ती प्रथम लेझर, विद्युतदहन वा अन्य साधनाने दूर केली जाते. बाहेरून दाब पडत असल्यास मात्र आत कापण्यासारखे काहीच नसते; तेथे स्टेंटचा आधार विशेष उपयुक्त ठरतो.

मर्यादा

श्वासमार्गाच्या अस्तरावरील सूक्ष्म रोम कफ सतत वर ढकलत असतात. स्टेंटने झाकलेल्या भागात हे कार्य थांबते. परिणामी कफ साचणे, जंतुसंसर्ग होणे, स्टेंट सरकणे आणि त्याच्या कडांशी मांसांकुर वाढणे अशा गुंतागुंती उद्भवतात. सततच्या खोकल्याच्या ताणाने धातूची जाळी तुटूही शकते. या अनुभवांच्या आधारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये इशारा दिला की, कर्करोगेतर विकारांत शस्त्रक्रिया व सिलिकॉन स्टेंटसह अन्य सर्व पर्याय पूर्णपणे तपासल्याखेरीज धातूचा स्टेंट वापरू नये.

समारोप

स्टेंट हा रोगावरील इलाज नसून मार्ग उघडा ठेवणारा आधार आहे. बरा न होणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला तो श्वास मिळवून देतो आणि पुढील उपचारांसाठी अवधी देतो. तेथे दूरच्या गुंतागुंतीपेक्षा तात्काळ आराम महत्त्वाचा असतो. याउलट, व्हेंटिलेटरनंतर किंवा क्षयानंतर श्वासमार्ग आकसलेल्या तरुण रुग्णापुढे संपूर्ण आयुष्य असते. अशा रुग्णाच्या बाबतीत स्टेंट बसविण्याचा निर्णय घेतानाच तो केव्हा व कसा काढावयाचा, याचाही विचार होणे आवश्यक आहे.