आलेखाचा पडदा आणि कुंभकोणमची पाटी

ग्राफिंग कॅल्क्युलेटर बदलायचा विचार मनात आला की आपण आधी खोक्यावरची वैशिष्ट्यं वाचतो: रंगीत पडदा, चार्ज होणारी बॅटरी, पायथन. खरं तर पहिल्यांदा वाचायचा तो परीक्षेच्या नियमांचा कागद. तंजावरच्या विद्यार्थ्यापुरतं बोलायचं तर हा कागदच बरंचसं उत्तर देऊन टाकतो. सीबीएसईच्या बारावीच्या गणिताला कॅल्क्युलेटर नेता येत नाही, जेईईलाही नाही. ‘गेट’ला संगणकाच्या पडद्यावरच एक सायंटिफिक कॅल्क्युलेटर दिलेला असतो, पण तो आलेख काढत नाही. अभियांत्रिकीच्या पेपरांना सहसा ‘नॉन-प्रोग्रामेबल’ यंत्रच चालतं, म्हणून दप्तरात असतो कॅसिओचा एफएक्स-९९१. त्याच्या कितीतरी पट महाग असलेलं ग्राफिंग यंत्र परीक्षेच्या दाराबाहेरच राहतं. उरतो प्रश्न समजुतीचा: नव्या यंत्राने गणित जास्त कळतं का? माझं म्हणणं असं, की ज्याला जुन्या यंत्राची खोड ओळखता येते त्याला नव्याची फारशी निकड नसते, आणि ज्याला ती ओळखता येत नाही त्याला नवंही तसंच फसवतं.

इतिहास थोडक्यात उरकतो. आलेख काढणारा पहिला खिशातला कॅल्क्युलेटर कॅसिओचा एफएक्स-७०००जी, १९८५ सालचा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८१ आला १९९० मध्ये, टीआय-८४ प्लस २००४ मध्ये आणि रंगीत पडद्याचा टीआय-८४ प्लस सीई २०१५ मध्ये. पुढे त्यात पायथनही आलं. अमेरिकेतल्या शाळांमध्ये ही यंत्रं रुळली. आपल्याकडे परीक्षांनी त्यांना जागाच दिली नाही.

आता त्या खोडीकडे वळू. जुन्या टीआय-८४ प्लसचा पडदा ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचा, आणि त्यातले ९५ उभे स्तंभ आलेखासाठी वापरले जातात. यंत्र वक्ररेषा काढतं म्हणजे प्रत्येक स्तंभासाठी एकदा किंमत काढून एक ठिपका ठेवतं आणि ठिपके जोडत जातं. दोन ठिपक्यांच्या मधे काय घडतं ते त्याने पाहिलेलंच नसतं. क्ष-अक्ष उणे ४७ ते ४७ ठेवा, म्हणजे दोन स्तंभांतलं अंतर बरोबर १ होतं. मग साइन (२ × पाय × क्ष) काढायला सांगा. दर एककाला एक पूर्ण लाट घेणारं हे फलन पडद्यावर सपाट आडवी रेघ होऊन बसतं, कारण यंत्र प्रत्येक लाटेला नेमकं शून्यावरच गाठतं. सीईच्या आलेखाला २६५ स्तंभ आहेत. तिथे उणे १३२ ते १३२ अशी मर्यादा घेतली की पुन्हा तीच सपाट रेघ. ठिपके वाढल्याने चूक नाहीशी झाली नाही, तिची जागा तेवढी बदलली. ही रेघ खोटी आहे हे ओळखायला साइनचा आवर्तकाल ठाऊक असावा लागतो, आणि तो पडद्याच्या किमतीत मिळत नाही.

तंजावरच्या पंचक्रोशीत या मुद्द्याला एक पुरावा आहे, आणि त्यावर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे. तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटरवर कुंभकोणम. श्रीनिवास रामानुजन तिथे वाढले. कागद परवडत नसे म्हणून ते पाटीवर आकडेमोड करायचे, कोपराने पुसायचे आणि हाती आलेलं उत्तर तेवढं वहीत उतरवायचे. सारंगपाणी देवळाजवळचं त्यांचं घर आता तंजावरच्या शास्त्र विद्यापीठाने जपलं आहे. इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी यांच्याबरोबर १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी संख्यांच्या विभाजनाचं सूत्र दिलं. ४ ही संख्या पाच प्रकारे मांडता येते: ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१. मग २०० किती प्रकारे? गणितज्ञ पर्सी मॅकमहॉन यांनी ऑयलरच्या पद्धतीने, आधीच्या उत्तरांची बेरीज-वजाबाकी करत, हाताने तक्ता केला आणि २०० साठी ३९,७२,९९,९०,२९,३८८ ही संख्या काढली. सूत्राच्या पहिल्या आठ पदांची बेरीज या संख्येपासून फक्त ०.००४ ने हुकली. म्हणजे आकडेमोड कमी प्रतीची ठरत नाही, तिच्यावाचून सूत्राची खातरजमा झाली नसती. पण काय पडताळायचं हे आधी कुणाला तरी सुचावं लागलं.

ऑयलरची तीच पद्धत जुन्या टीआय-८४ला छोट्या प्रोग्रॅमने शिकवता येते. पडद्यावर दिसेल ३.९७२९९९०२९ आणि पुढे दहाचा बारावा घात. शेवटचे तीन अंक गायब, कारण यंत्र दहाच अंक दाखवतं. मात्र पोटात ते चौदा अंक बाळगतं. उत्तरातून ३९,७२,९९,९०,००,००० वजा करा, की २९,३८८ समोर येतात. सीईतही दाखवायचे अंक दहाच आणि पोटातले चौदाच. तिथेही हीच युक्ती लागते.

यावर आक्षेप निघतील, आणि ते पोकळ नाहीत. आलेख डोळ्यांनी पाहिल्यावर फलन उमगतं, हे अगदी खरं. पण डेस्मॉस आणि जिओजेब्रा फोनवर फुकट मिळतात, आणि कॅसिओचा ९९१ईएक्स तर क्यूआर कोड देऊन आलेख फोनवर उघडून देतो. फोन हाती आला की मन भरकटतं, इंटरनेट नसलेलं यंत्र बरं, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. तो मला मान्य आहे, मात्र तो ग्राफिंग यंत्र बाळगण्याच्या बाजूने जातो, नवं घेण्याच्या नव्हे. चार वक्र एकत्र काढले की रंगांची सोय होते, हेही कबूल. पायथनसाठी मात्र लॅपटॉपच्या कळफलकाशी त्या इवल्या बटणांची बरोबरी होत नाही.

परदेशी अभ्यासक्रमाला बसणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आयबीच्या गणितात आणि एपी कॅल्क्युलसच्या काही भागात ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतोच, तेव्हा जवळ नसेल तर घ्यावा. पण तिथेही जुना टीआय-८४ प्लस चालतो, आणि डिजिटल सॅटमध्ये तर डेस्मॉस आतच बसवलेला आहे. चालू यंत्र बदलायला मला तीनच कारणं पटतात: परीक्षेने जुनं मॉडेल नाकारलं, बटणं किंवा पडदा दुरुस्तीपलीकडे गेला, किंवा दृष्टी अधू असल्याने मोठा, ठळक पडदा हवा. यातलं एकही लागू नसेल तर ते पैसे गणिताच्या चांगल्या पुस्तकांवर खर्च करावेत.